कार्मोझिनाची मेलेली मुलगी

शनिवारी आमच्या टेकडीवर माणसं आम्हाला बघायला येतात. पैसे भरून येतात. पुढे गाईड, हातात लाल छत्री उंच धरलेली, आणि मागे पंधरा-वीस जणांचा घोळका. कारंज्यापाशी थांबतात, चीजच्या दुकानात वास घेतात आणि शेवटी आमच्या बेकरीत येतात. गाईड दर वेळी तेच बोलतो. इटलीहून आलेले लोक, शंभर वर्षांची वस्ती, इथली माणसं नातं सोडत नाहीत. मी काउंटरवर तुकडे करून ठेवलेली बशी पुढे सरकवते. माझा नवरा दुइलिओ त्या वेळात भट्टीघराबाहेर पाऊल टाकत नाही. "मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?" म्हणतो.

मी इथे सून म्हणून आले. माहेर इटलीतल्या मोलिझेच्या डोंगरातलं. आमच्या गल्लीतले जुने लोकही तिकडचेच, त्यामुळे अमेरिकेत, प्रॉव्हिडन्ससारख्या शहरात येऊनही मला परकं असं वाटलं नाही. आल्या आल्या सगळ्यांनी मला आपलं म्हटलं. सगळ्यात आधी म्हटलं ते कार्मोझिनामावशीने.

त्या सप्टेंबरात एका शनिवारी घोळक्यात एक उंच बाई होती. साठीची, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. शेजारी तिची मुलगी असावी अशी चाळिशीची दुसरी बाई, गडद सावळी, दाट कुरळ्या केसांची. बाकीचे फोटो काढत होते. ही उंच बाई नुसती तराल्लीच्या परातीकडे बघत उभी होती. तराल्ली म्हणजे आमच्याकडची मिऱ्याची खारी कडी.

"ही आधी उकळत्या पाण्यातून काढता का अजून?" तिने विचारलं.

मी चमकलेच. तिने विचारलं ते आमच्या बोलीत, आणि तेही अशा बोलीत, जी गावाकडे आता फक्त म्हातारे बोलतात.

"काढतो की," मी म्हटलं. "आम्ही अजून काढतो. बाकी कोणाला वेळ आहे?"

"माझी आई म्हणायची, न उकळलेली तराल्ली म्हणजे न रडलेली नवरी."

मी खळखळून हसले. "अहो, हे तर आमच्या कार्मोझिनामावशीचं! तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी ऐकलं नाही."

"म्हणायची," ती बाई हळूच म्हणाली. "म्हणायची ना?"

"म्हणते. काल संध्याकाळी पाव द्यायला गेले तेव्हासुद्धा म्हणाली."

बाईने काचेच्या कपाटाची कड धरली. तिच्या मुलीने पटकन दंडाला आधार दिला. मी खुर्ची आणली, पाणी दिलं. मला वाटलं, जुनी ओळख निघाली, म्हणून भरून आलं असेल. आणि मी मूर्खासारखी बोलतच राहिले. मावशी नव्वदीची झाली, डोळे गेलेत पण जीभ अजून शाबूत आहे, मुलगा एलिओ लग्न न करता तिची सेवा करतो, घर तेच, वरच्या गल्लीतलं, हिरव्या झडपांचं.

"एकच दुःख आहे बिचारीला," मी म्हटलं. "मुलगी गेली ना तरणीताठी. कॅलिफोर्नियात, मोटारीच्या अपघातात. देहसुद्धा हाती आला नाही म्हणे. दर मे महिन्यात चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा असतो. सगळी गल्ली जाते."

"नाव काय होतं मुलीचं?" त्या सावळ्या मुलीने मला इंग्रजीत विचारलं. आमची बोली तिला तुटकतुटक कळत असावी.

"लिबेरा."

तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझ्या आईचं नाव लिबेरा आहे," ती म्हणाली.

नेमका त्याच वेळी दुइलिओ पावांची परात घेऊन बाहेर आला. परात हातातून पडली वगैरे काही झालं नाही. त्याने ती नीट काउंटरवर ठेवली, फडक्याला हात पुसले आणि डोक्यावरची टोपी काढली. प्रेतयात्रा जाताना काढतात तशी.

गाईड दारातून डोकावला, "चला, सगळे आहात ना?" मी त्याला हाताने घालवलं आणि दाराला आतून कडी लावली.

भट्टीघरामागे आमची एक लहान खोली आहे. तिथे आम्ही चौघं बसलो. कॉफी कोणी घेतली नाही.

"तू लिबेराच," दुइलिओ म्हणाला.

"तुला काय सांगितलं होतं? मी मेले म्हणून?"

त्याने मान खाली घातली. "सांगितलं सगळ्यांना. पण माहीतही होतं सगळ्यांना."

"मला नव्हतं," मी म्हटलं.

"तू नंतर आलीस, ओर्नेल्ला."

"नंतर? मला इथे येऊन आपली पोरं कॉलेजात गेली! दर वर्षी मी त्या मिस्साला काळा झगा घालून जाते, तू माझ्या शेजारी गुडघे टेकून बसतोस!"

त्याच्याऐवजी लिबेरा बोलली. तिचा आवाज सरळ होता, जणू दुसऱ्याच कोणाची हकिगत सांगत होती.

खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात ती डाग देऊन सांधे जोडण्याचं काम करायची. तिथेच अमांदिओ होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोदीपाशी राहणारा, आफ्रिकेजवळच्या काप व्हेर्दे बेटांवरच्या लोकांतला. देव तोच, संत तेच, उपासही तेच. फक्त रंग काळा. लिबेराचा बाप निकांद्रो म्हणजे टेकडीवरचं मोठं प्रस्थ. गाववाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याने शब्द टाकला की कारखान्यात नोकरी लागायची. त्याला कळलं तेव्हा त्याने लिबेराला मारलं नाही, ओरडलाही नाही. एवढंच म्हणाला, "त्याच्याबरोबर गेलीस, तर मी तुला पुरीन." लिबेराला वाटलं, रागाचं बोलणं आहे. एका पहाटे दोघं निघून गेली.

"कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला पोचल्यावर मी घरी फोन केला," ती म्हणाली. "बाबांनी उचलला. म्हणाले, तुझी आई इथेच उभी आहे. ती म्हणतेय, मला मुलगी नाही. मागून आईच्या रडण्याचा आवाज येत होता. किंचाळत होती. मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने रडतेय."

दुइलिओने तोंडावर हात धरला.

"मी होतो तिथे," शेवटी तो म्हणाला. "मी तेव्हा नुकताच बापाच्या हाताखाली भट्टीवर लागलो होतो. पाव घेऊन आलो होतो, सुतकाच्या घरी नेतात तसा. घर माणसांनी भरलं होतं. निकांद्रोने सकाळीच सांगितलं होतं, पोलिसांचा निरोप आलाय, लिबेरा गेली. तुझी आई जमिनीवर आपटत होती. बायकांना धरवत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. मी बोळातच उभा होतो, लिबेरा. तो काय बोलला ते मी ऐकलं."

"आणि?"

"आणि पाव टेबलावर ठेवून परत आलो."

"दुसऱ्या दिवशी?"

"रात्री निकांद्रोने पुरुषांना मंडळात बोलावलं. म्हणाला, माझी मुलगी मेली आहे. कार्मोझिनाला कोणी वेगळं काही सांगितलं, तर त्याच्या घरातलं एकही माणूस या गावात कामाला लागणार नाही."

"तो मेल्याला किती काळ झाला," मी म्हटलं. "मग कोणाचा धाक होता?"

दुइलिओने माझ्याकडे पाहिलं. "मग कोणी सांगायचं? जो सांगेल त्याला मावशी विचारणार, तुला केव्हापासून माहीत होतं? काय उत्तर द्यायचं?"

"तुझ्या आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"माझ्या आईनेच मावशीचा काळा झगा शिवला."

माझ्या सासूला जाऊन काही वर्षं झाली होती. मी तिला फार मानायचे.

लिबेराची मुलगी अवेलिना उठली, पर्स खांद्याला लावली. "ममा, आपण जाऊ या. तू फक्त घर बाहेरून बघणार होतीस. तू म्हणाली होतीस, घोळक्यात लपून बघते आणि निघते."

"हो," लिबेरा म्हणाली. "तेव्हा मला वाटलं होतं, ती नाही." आणि मला म्हणाली, "मला तिच्याकडे घेऊन चल."

दुइलिओ बसूनच राहिला. मी त्याला चल म्हटलं नाही.

दार एलिओने उघडलं. आधी मी दिसले, म्हणून हसला. "आज पाव लवकर?" मग माझ्यामागे नजर गेली. तो लिबेराहून मोठा, ठेंगणा, कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याची बोटं आम्लाने कायमची पिवळी झालेली होती. त्याने ओळखायला एक क्षणही लावला नाही. ज्याला माहीत असतं, तो रोज वाटच बघत असतो.

"का आलीस?" तो कुजबुजला.

"अमांदिओ गेला. म्हटलं, मरायच्या आधी एकदा घर बघावं. मला कुठे माहीत, की मी आधीच मेलेय."

"हळू बोल. ती वर जागी आहे."

"बाबा गेले तेव्हा तरी सांगायचं होतंस तिला."

"सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. बाबांच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सानंतर सांगू म्हटलं. मग तिचं हृदयाचं दुखणं निघालं. मग डोळे गेले." त्याने दाराच्या चौकटीवर हात ठेवला, आडवा. "लिबेरा, ती मरेल गं. तुझा आवाज ऐकला तर जागेवर मरेल."

"नव्वदीत माणूस मरणारच. खोट्यातच मरू दे म्हणतोस?"

"मीच केलं तिचं सगळं. आंघोळ, जेवण, दवाखाना. तू कुठे होतीस?"

"तू मला जिथे ठेवलं होतंस तिथे."

एलिओचा हात खाली आला. अवेलिना पुढे झाली तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "ही...?"

"माझी मुलगी. तुझी भाची."

तो तिला वाट द्यायला बाजूला झाला, पण अवेलिना जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. "मी इथेच थांबते," ती म्हणाली. "या माणसाच्या घरात मला पुढे यायचं नाही."

मावशी खिडकीशी खुर्चीत बसली होती. गुडघ्यांवर शाल, हातात जपमाळ. खाली रस्त्यावरून तोच घोळका परत चालला होता, गाईडचा आवाज वरपर्यंत येत होता. हे घर बघा, एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्या, वगैरे.

"ओर्नेल्ला?" मावशीने पायरव ओळखला. "बरोबर कोण आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत लिबेरा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने मावशीचे दोन्ही हात धरले.

"मम्मा. मी लिबेरा."

"कोणाची लिबेरा? दोनातोची नात?"

"तुझी."

मावशी हसली. थट्टा ऐकल्यासारखी. "माझी कुठली गं, पोरी? माझी गेली."

"मी गेले नव्हते, मम्मा. अमांदिओबरोबर कॅलिफोर्नियाला गेले होते. बाबांनी तुला खोटं सांगितलं. मी त्या पोपटी झग्याच्या खिशात तुझी केसांची पिन घेऊन गेले होते, तू शोधली असशील. मी आजारी पडले की तू माझ्या पायांना डुकराची चरबी लावायचीस आणि मी वासाने रडायचे. मम्मा, माझा आवाज ऐक ना."

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिने हात सोडवून घेतले नाहीत. पण चेहरा दाराकडे वळवला.

"एलिओ."

"हं, मा."

"ही बाई कोण आहे?"

एलिओ चौकटीत उभा होता. मी त्याच्या शेजारीच होते, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो पुन्हा एकदा खोटं बोलू शकला असता. मला वाटतं, लिबेराही क्षणभर तीच भीती धरून होती. पण तो म्हणाला, "लिबेराच आहे, मा."

"तुला माहीत होतं?" मावशीने विचारलं.

"हो."

"निकांद्रोला?"

"त्यांनीच..."

"ओर्नेल्लाच्या सासूला?"

एलिओ बोलला नाही. मावशीची जपमाळ बोटांत थांबली होती. मग ती लिबेराकडे वळली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मग तू आली का नाहीस?"

"बाबा म्हणाले, तूच म्हणालीस, मला मुलगी नाही. मागे तू रडत होतीस. मी पुन्हा फोन केला, त्यांनी ठेवला. एलिओने ठेवला. मला वाटलं, तुला मी नकोच आहे."

"आणि तू विश्वास ठेवलास?"

लिबेराने तिचे हात आणखी घट्ट धरले.

"माझ्या लिबेराने ठेवला नसता," मावशी म्हणाली. "माझी लिबेरा जिवंत असती तर आली असती. दार फोडून आली असती. मला इतकी वर्षं रडत ठेवलं नसतं तिने." तिने हात सोडवून घेतले, शालीखाली नेले. "माझी मुलगी मेली. एलिओ, या बाईंना खाली पोचव. मला आता पडायचंय."

लिबेरा आधाराशिवाय जिना उतरली. खाली अवेलिनाने तिला विचारलं, "काय म्हणाली?" तेव्हा तिने इतकंच सांगितलं, "थकलीय ती."

मला वाटलं होतं, त्या दोघी दुसऱ्याच दिवशी निघून जातील. गेल्या नाहीत. अवेलिना हॉटेलात थांबायची, आणि लिबेरा रोज सकाळी त्या हिरव्या झडपांच्या घरी यायची. एलिओ दार उघडून स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. ती वर जाऊन आईसमोर बसायची. पहिल्या दिवशी मावशीने तिच्याकडे पाठ केली. पुढे पाठ करायची थांबली. मग एकदा मी पाव घेऊन गेले तर लिबेरा तिचे केस विंचरत होती. मावशी डोळे मिटून बसली होती.

लिबेरा गेल्यावर मावशीने मला विचारलं, "ती बाई उद्या येणार का?"

"येईल की."

"हात बरे आहेत तिचे. एलिओ फार ओढतो केस."

मला राहवलं नाही. मी तिच्या पायाशी बसले. "मावशी, तुम्हाला कळतंय ना ती कोण आहे?"

"ओर्नेल्ला, माझे डोळे गेलेत, डोकं नाही." तिने जपमाळ मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "तिला मुलगी म्हटलं तर निकांद्रोला काय म्हणू? त्याच्यासाठी मी मेणबत्त्या लावते. तुझ्या सासूला काय म्हणू? माझ्याबरोबर रडली ती, माझे डोळे पुसले तिने. फादरना, शेजाऱ्यांना, या पोराला? एवढ्या सगळ्यांना आता मातीत घालायचं बळ कुठून आणू? एकीला घातलंय, ते पुरे झालं."

"आणि तिचं काय? जी रोज येते तिचं?"

"म्हणून तर विचारते," मावशी म्हणाली, "उद्या येणार का."

शेवटी लिबेराला परत जावं लागलं. तिकडे घर होतं, अवेलिनाची नोकरी होती. जाताना ती म्हणाली, "मम्मा, नाताळात येते." मावशीने मान हलवली. पण तिला नावाने हाक काही मारली नाही.

लिबेरा गेली त्या संध्याकाळपासून मावशीने एलिओच्या हातचं खायचं सोडलं. भांडली नाही, दूषण दिलं नाही. तो चमचा तोंडाशी न्यायचा, आणि ती ओठ मिटायची. तो विनवायचा, "मा, एक घास. सूप आहे, तुझ्या आवडीचं." ती भिंतीसारखी बसून राहायची. मग तो मला फोन करायचा. मी दुकान दुइलिओवर टाकून धावायचे आणि माझ्या हातून ती चार घास खायची. एलिओ जिन्यात उभा राहून चमच्याचा आवाज ऐकायचा. इतकी वर्षं ज्याने आईला न्हाऊ-माखू घातलं, त्याला त्या घरात पाणीसुद्धा तिच्या हाती देता येईना. तो सुकून गेला. मला त्याची कीव यायची, आणि कीव आली की राग यायचा.

दर रविवारी लिबेराचा फोन यायचा. मी तो मावशीच्या कानाशी धरायचे. पलीकडे लिबेरा काय काय सांगायची, बागेतल्या अंजिराबद्दल, अमांदिओबद्दल, पोरांबद्दल. मावशी ऐकायची. एकदाही बोलली नाही. पण फोन संपला की लगेच कान काढायची नाही.

नाताळ यायच्या आधीच ती गेली. दुपारी, मी कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा. काही बोलली का, असं लिबेराने फोनवर मला विचारलं. नाही, असं मी खरं ते सांगितलं. दुसरं सांगता आलं असतं. पण त्या घरात आता आणखी एक खोटं माझ्याच्याने बोलवेना.

प्रेतयात्रेला सगळी टेकडी आली. गारठा हाडांत शिरत होता. चर्चमध्ये लिबेरा आणि अवेलिना शेवटच्या बाकावर बसल्या. पुढे एलिओशेजारी जागा रिकामी होती, तिथे कोणी बसलं नाही. जुने लोक, ज्यांनी लिबेराला परकरात पाहिलं होतं, एकेक करून तिच्यासमोरून गेले. कोणी खाली बघितलं, कोणी क्रूसाकडे. म्हाताऱ्या इमाकोलाताने मात्र तिचा हात हातात घेतला. मला बरं वाटलं. तर ती म्हणाली, "दुःख झालं हो. तुम्ही कोणीकडच्या? ओळखत होतात का कार्मोझिनाला?" लहानपणी हिच्याच अंगणात लिबेरा खेळायची.

"थोडीशी," लिबेरा म्हणाली.

दफनभूमीत कबरीवर पांढरा दगड होता. वर निकांद्रो, खाली मोकळी जागा मावशीसाठी, आणि मध्ये 'लिबेरा, आमची लाडकी मुलगी' असं कोरलेलं. मला त्याची इतकी सवय झाली होती, की त्या दोघींना आधी सांगावं हे सुचलंच नाही. अवेलिनाने ते वाचलं. तिने आईच्या कोटाची बाही घट्ट धरली, आणि मग एलिओकडे अशा नजरेने पाहिलं की मीच दुसरीकडे बघितलं. फादर प्रार्थना म्हणत होते. लिबेरा दगडाकडे बघत होती. ओठ हलत होते, पण ती प्रार्थनाच म्हणत होती का, देव जाणे.

नंतर रिवाजाप्रमाणे एलिओच्या घरी जेवण होतं. बायकांनी घरोघरून पातेली आणली होती. दुइलिओने रात्रभर भाजलेले पाव आले. आत माणसं दाटीवाटीने बसली, वाढप सुरू झालं, हळूहळू आवाजही चढले, जसे चढतात. लिबेरा आत आली नाही. समोर भाड्याच्या गाडीपाशी उभी राहिली. अवेलिना गाडी गरम करत होती.

एलिओने एक ताट वाढलं. पास्ता, मटणाचा रस्सा, वर किसलेलं चीज. अंगात कोट न घालता ते घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. मी त्याच्या मागे शाल घेऊन गेले.

"जेव," तो म्हणाला. "अशी उपाशी जाऊ नकोस. तुझं घर आहे."

लिबेराने ताटाकडे पाहिलं. "बाबांना मी माफ केलं असतं, एलिओ. ते तसेच होते. पण तू रोज तिच्यासमोर बसून जेवत होतास. ती माझ्यासाठी रडायची, आणि तू जेवायचास."

"मला रोज वाटायचं..."

"माहीत आहे. रोज वाटायचं."

"घर विकून टाकतो. अर्धं तुझं. सगळं घे वाटलं तर."

"काय करू त्याचं?"

"मग काय करू मी? सांग ना. तू सांगशील ते करतो."

तो लहान मुलासारखा रडायला लागला होता, दोन्ही हात ताटात अडकलेले, नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. लिबेराने खिशातून रुमाल काढला आणि त्याचं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती ताट घेईल. तिने रुमाल त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबला, मला मिठी मारली आणि गाडीत बसली. अवेलिनाने मागे वळून न बघता गाडी काढली.

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली तरी एलिओ तिथेच उभा होता. आतून कोणीतरी हाक मारली, दार लावा, गारठा येतोय. मी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, तर त्याला ते कळलंही नाही. शेवटी त्याची बोटं एकेक करून सोडवत मी ते ताट काढून घेतलं. पास्ता गार होऊन एकमेकांना चिकटला होता, आणि रश्श्यावर चरबीचा पांढरा थर धरला होता.